चुन्याचे सात थर

इंग्लंडला जाऊन आल्यावर शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी लंडनची नेहमीची नावं सांगितली आणि शेवटी इंगलशॅम म्हटलं. हे कुठे आलं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याचं कारणही नाही. इंगलशॅमला आता गाव असं उरलेलंच नाही. थेम्स नदीजवळ, शेताच्या कडेला, दोन-चार घरांच्या सोबतीने एक लहानसं चर्च उभं आहे, एवढंच. तरीही पंधरा दिवसांच्या त्या मुक्कामात पाहिलेल्या सगळ्या ठिकाणांमध्ये तेच मनात ठाण मांडून बसलंय. ते का, हे लिहायचा प्रयत्न करते. त्यात आमच्या गावच्या मशिदीचाही विषय येईल, कारण चर्च बघताना माझं अर्धं लक्ष तिच्याकडेच होतं.

माझी धाकटी बहीण स्विंडनला राहते. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं खूप आहेत. बहिणीच्या शेजारी राहणाऱ्या आंटी सासष्टीच्या. त्यांची कोंकणी आणि आमच्या घरची कोकणी यांत फरक आहे, पण भांडण होण्याइतका नाही. त्या मला ‘बाय’ म्हणायच्या आणि मी त्यांना आंटी. मी शिक्षिका आहे, जुन्या इमारती बघायला आवडतात, असं कळल्यावर एका रविवारी त्यांनीच गाडी काढली. स्विंडनहून पंधरा-सोळा किलोमीटर. मुख्य रस्ता सोडून गाडी एका अरुंद गल्लीत शिरली आणि गल्ली जिथे संपली तिथे चर्च होतं.

त्याच्या आदल्या रात्री गावाच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्र आलं होतं. आमच्या मशिदीच्या नव्या इमारतीचं. संगणकावर काढलेलं, मागे निळं आकाश, दोन उंच मिनार, हिरवा घुमट, खाली चकचकीत फरशी. आमची आत्ताची मशीद जांभ्याच्या भिंतींची आहे, सागवानी खांबांची, कौलारू. लांबून बघितली तर एखाद्या मोठ्या घरासारखी दिसते. कोकणातल्या पुष्कळ जुन्या मशिदी अशाच आहेत. ती पाडून नवी बांधायची, त्यासाठी मुंबईतून, कुवेतमधून, इंग्लंडमधून वर्गणी गोळा करायची, असा जमातीचा विचार होता. बहिणीच्या नवऱ्यालाही फोन आला होता. त्यांनी मला विचारलं, “आपा, तुमचं काय मत?” मी म्हटलं, “मला मत विचारणारे तुम्ही पहिलेच.”

इंगलशॅमच्या चर्चला मनोरा नाही. छपराच्या पश्चिम टोकाला एक छोटी दगडी कमान आहे, घंटा तिच्यात टांगतात. आवारात कबरी आहेत आणि एका जुन्या दगडी क्रूसाचा खांब. नाव सेंट जॉन द बॅप्टिस्ट. म्हणजे आपले हजरत याह्या अलैहिस्सलाम. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत त्यांच्या नावाची दर्गाह आहे, हे मी आंटींना सांगितलं. “मशिदीत?” त्यांनी दोनदा विचारलं.

दाराला कुलूप नव्हतं. दार ढकललं आणि आत गेलो. आत माणूस नव्हतं. पहारेकरी नाही, तिकीट नाही, कोण तुम्ही असं विचारणारंही कोणी नाही. मी दारातच थोडा वेळ थांबले. चपला काढायच्या सवयीने पाय अडखळला, डोक्यावरची ओढणी सारखी केली. आंटी म्हणाल्या, “चल गो, थंड आसा.”

आजची इमारत मुख्यतः तेराव्या शतकातली आहे. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली गेली ते शतक. आत पाय टाकला की नजर आधी जमिनीकडे जाते, कारण फरशी सपाट नाही. दगडाच्या मोठ्या मोठ्या लाद्या, काही खचलेल्या, काही पायांनी झिजलेल्या. त्यांतल्या काही लाद्या म्हणजे कबरींवरचे दगड. एका दगडावर पुरुषाच्या आकाराची नुसती खाच आहे. तिथे कधीकाळी पितळेच्या पत्र्यातून कापलेली एका सरदाराची आकृती बसवलेली होती. पितळ गेलं, खाच राहिली.

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चची मांडणी साधारण एकसारखी असते. पश्चिमेकडे लोकांनी बसायचा मोठा भाग, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगेपलीकडे अरुंद भाग आणि पूर्वेकडे, कमानीच्या पलीकडे, पाद्र्यांचा भाग. वेदी तिथे असते. सगळी इमारत पूर्वेकडे तोंड करून. आपल्याकडे महाराष्ट्रात मशीद पश्चिमेकडे तोंड करते आणि बहिणीच्या घरात जानमाज आग्नेयेकडे अंथरला जातो. दिशेचा हा विचार दोन्हीकडे इतका सारखा आहे की आत शिरताच मला ‘पुढे’ कुठे आणि ‘मागे’ कुठे ते न सांगता कळलं.

या दोन भागांमागे एक व्यवहारही होता. जुन्या काळी पाद्र्यांच्या भागाची डागडुजी चर्चचं उत्पन्न घेणाऱ्याने करायची आणि लोकांच्या भागाची डागडुजी लोकांनी. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख आणि त्यातली माणसं. आपल्याकडे गावची जमात म्हणतो, तसंच काहीसं. पॅरिशमधल्या शेतकऱ्याने पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा उश्रही दहावा हिस्साच असतो, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. घर देवाचं असलं तरी कौलं कोणी शाकारायची, हा प्रश्न माणसांनाच सोडवावा लागतो.

आंटी मात्र दुसऱ्याच गोष्टीने बेचैन झाल्या होत्या. त्यांच्या गावचं चर्च म्हणजे सोनेरी मुलाम्याची उंच वेदी, कोनाड्या-कोनाड्यात संत, फुलं, मेणबत्त्या. इथे बोडक्या भिंती. “बाय, हांगा इमाजी खंय?” त्यांनी विचारलं. इमाज म्हणजे मूर्ती. कोंकणीत पोर्तुगीजमधून आलेला शब्द.

मूर्ती नाहीत याला कारण आहे, आणि बोडक्या दिसणाऱ्या त्या भिंती मुळात बोडक्या नाहीत. सोळाव्या शतकापर्यंत हे चर्चही आंटींच्या चर्चसारखंच रोमच्या पोपचं होतं. त्या काळी इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक चर्चच्या भिंती चित्रांनी भरलेल्या असत. संत, देवदूत, कयामतचा दिवस, तराजूत तोलले जाणारे आत्मे. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला भिंतच पुस्तक होती. 1534 मध्ये राजा आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडले. त्याच्या मुलाच्या राज्यात, 1547 नंतर, मूर्ती हटवायचे आणि चित्रं पुसायचे हुकूम निघाले. गावोगावच्या लोकांनी भिंतीवरून चुन्याचा हात फिरवला. स्वस्त आणि झटपट उपाय.

मग त्या पांढऱ्या भिंतीवर काय आलं? अक्षरं. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, श्रद्धेची कबुली, बायबलमधली वचनं. एलिझाबेथ राणीच्या काळात दहा आज्ञा चर्चमध्ये लावायचा आदेशच होता. इंगलशॅमच्या भिंतींवर ही काळी, टोकदार अक्षरं आजही आहेत. एका मजकुराच्या खालून दुसरा मजकूर डोकावतो, दुसऱ्याच्या खालून लाल-पिवळ्या रंगाचा नक्षीचा तुकडा. तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत एकावर एक रंगवत गेलेले थर. काही ठिकाणी असे सात थर मोजले गेले आहेत. कोणताही एक थर पुरता वाचता येत नाही. उर्दूची मास्तरीण असल्यामुळे असेल, मी बराच वेळ तिथे मान वर करून उभी होते. चित्रं मिटवून अक्षरं लिहायची, हे मला परकं वाटलं नाही. आमच्याकडे भिंतीवर चित्र कधी नव्हतंच, अक्षरच होतं. पण इथे अक्षराच्या पोटात चित्र जिवंत होतं. चुन्याने ते झाकलं आणि चुन्यानेच ते सांभाळलं. पुसणाऱ्याच्या मनात सांभाळायचं नव्हतं, तरी.

भाषेचाही थर इथे आहे. 1538 मध्ये प्रत्येक पॅरिश चर्चने इंग्रजी बायबलची मोठी प्रत विकत घेऊन लोकांना वाचता येईल अशा जागी ठेवावी, असा हुकूम निघाला. 1549 मध्ये प्रार्थनेचं पुस्तकही इंग्रजीत आलं. तोवर सगळं लॅटिनमध्ये चालायचं. कानावर पडायचं, पाठ व्हायचं, अर्थ पाद्र्याला विचारायचा. मी गावच्या मकतबमध्ये कुराण शिकले ते असंच. अरबी पाठ आणि अर्थ उर्दूत, तोही नंतर. पुढे कुराणाचा मराठी अनुवाद हातात आला तेव्हा मी डी.एड. करत होते. ज्या भाषेत मी आईशी भांडते, त्या भाषेच्या इतक्या जवळ तो अर्थ आलेला पाहून मी रात्रभर वाचत बसले होते. त्यामुळे ते जाड इंग्रजी बायबल पहिल्यांदा उघडणाऱ्या त्या शेतकऱ्याला काय वाटलं असेल, याचा अंदाज मला करता येतो.

आता लाकडी सामानाकडे येते, कारण इथलं खरं अप्रूप ते आहे. लोकांच्या भागात बाकं नाहीत, लाकडी खोके आहेत. चारही बाजूंनी छातीएवढ्या उंच फळ्या, एका बाजूला बिजागरीचं दार, आत बसायला फळी. इंग्रजीत याला बॉक्स प्यू म्हणतात. सतराव्या-अठराव्या शतकात अशी बसायची जागा घराघराने वाटून घेतलेली असे. दार लावलं की वारा लागत नाही. लांबलचक प्रवचनाच्या काळात ते महत्त्वाचंच. पण दार लावलं की शेजारीही दिसत नाही. मोठ्या घरांचे खोके पुढे आणि ऐसपैस, गरिबांना मागची बाकं. देवाच्या घरातही प्रत्येकाची पायरी ठरलेली. जवळच प्रवचनाचा लाकडी मंच, सतराव्या शतकातला, डोक्यावर लाकडी छत. ते छत शोभेचं नाही. बोलणाऱ्याचा आवाज वर विरून न जाता लोकांकडे परतावा म्हणून आहे. आपल्या मिंबरचं काम तेच, फक्त मिंबरला पायऱ्या मोजून तीन.

मी एका खोक्यात शिरले, दार ओढून घेतलं आणि बसले. आंटी दुसऱ्या खोक्यात. दोघींना एकमेकींचं फक्त डोकं दिसत होतं. आम्हाला हसू आलं.

हसून झाल्यावर एक विचार आला, तो हसण्यासारखा नव्हता. मशिदीत खोके नसतात. सफमध्ये जमीनदार आणि त्याचा गडी खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि मला त्याचा अभिमान आहे. वर्गात मुलांना मी हे नेहमी सांगते. पण त्या सफमध्ये मी नसते. आमच्या गावच्या मशिदीत मी शेवटची गेले ती दहा वर्षांची असताना, मकतबच्या शेवटच्या दिवशी. त्यानंतर तीसहून अधिक वर्षं मी ती बाहेरून बघते आहे. खांबांवरची वेलबुट्टी, मेहराबीशेजारच्या कोनाड्यातली काजळी, हौजातल्या काळ्या माशांची झुळझुळ, हे सगळं दहा वर्षांच्या मुलीच्या नजरेने माझ्याजवळ आहे. इथे मात्र हजारो मैल दूर, दुसऱ्या धर्माच्या घरात, मी पहिल्या रांगेत बसले होते. या खोक्यांत बायका बसत होत्या, पायरीप्रमाणे का होईना. आमच्याकडे पायरी नाही, पण दारही नाही. कोणतं बरं, याचा हिशेब मी तिथे केला नाही. दोन्ही गोष्टी फक्त शेजारी शेजारी ठेवल्या.

उजवीकडच्या बाजूला भिंतीत एक कोरीव दगड बसवलेला आहे. हे चर्च बांधलं त्याच्याही आधीच्या, सॅक्सन काळातला. आई आणि मांडीवरचं बाळ, वरून खाली आलेला ईश्वराचा हात. पूर्वी हा दगड बाहेरच्या भिंतीत होता आणि कोणीतरी त्यावर छायाघड्याळाच्या रेघा ओढल्या होत्या. त्या अजून दिसतात. म्हणजे काही पिढ्यांनी मरियमच्या अंगावर सावली बघून वेळ ओळखली. आंटींनी क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, “एक तरी मेळ्ळी!” मी त्यांना सांगितलं की कुराणात मरियमच्या नावाचा एक अख्खा सूरा आहे आणि ज्यांच्या नावाचं हे चर्च, त्या याह्यांच्या जन्माची हकीकतही त्याच सूऱ्यात येते. मग त्या दगडाजवळ आम्ही दोघी थोडा वेळ गप्प उभ्या राहिलो. दुआ मागितली का, असं बहिणीने नंतर विचारलं. तिला मी जे सांगितलं ते तिच्याजवळच राहू दे.

हे सगळं टिकलं कसं, हा प्रश्न साहजिक आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चर्च ‘सुधारण्याची’ लाटच आली होती. 1839 मध्ये केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांनी एक संस्था काढली. खरं चर्च म्हणजे मध्ययुगातलं, बाकीचं सगळं नंतरचा कचरा, असं तिचं म्हणणं. बॉक्स प्यूवर त्या लोकांचा विशेष राग. देशभर खोके उपटले गेले, नवी एकसारखी बाकं आली. वास्तुविशारदांनी भिंतींचा गिलावा खरवडून दगड उघडे केले, कारण त्यांना जुनं म्हणजे उघडा दगड वाटत होता. गिलाव्याबरोबर त्यावरची चित्रंही ढिगाऱ्यात गेली. हे करणारी माणसं धर्माची वैरी नव्हती. चर्चवर प्रेम करणारी होती, पैसा खर्च करणारी होती. नुकसान त्यांच्याच हातून झालं.

याला विरोध करायला विल्यम मॉरिस उभा राहिला. कवी, कापडावरच्या नक्षीचा कारागीर, समाजवादी. पडद्यांवर-उशांवर आजही दिसणारी ती पक्षी आणि स्ट्रॉबेरीची निळी नक्षी त्याचीच, 1883 ची. 1871 पासून तो इंगलशॅमपासून काही मैलांवर केल्मस्कॉट गावी घर घेऊन राहायचा. ट्यूक्सबरीच्या जुन्या मठाची ‘सुधारणा’ होणार असं कळल्यावर 1877 मध्ये त्याने एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी मित्रांच्या मदतीने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. लोक तिला थट्टेने ‘खरवडू नका मंडळ’ अशा अर्थाच्या नावाने ओळखू लागले. ती संस्था आजही चालू आहे.

या माणसाला आमच्याकडच्या वस्तूंचीही पारख होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा आहे. इराणमधल्या शेख सफीउद्दीन यांच्या दर्ग्यातला, विणतानाच त्यात हिजरी 946 हे साल गुंफलेलं. 1893 मध्ये म्युझियमने तो घ्यावा की नाही, हे ठरवण्यापूर्वी मॉरिसला बोलावून दाखवला आणि त्याने घ्याच म्हणून सांगितलं. तो गालिचा मी पाहिला. रंग उडू नयेत म्हणून काचेच्या आत अंधारात ठेवतात आणि दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं दिवे लावतात. त्या दहा मिनिटांत मी त्यावरची फारसी अक्षरं वाचत होते. मग दिवे गेले. वस्तू वाचली ही गोष्ट खरी. ती ज्या जागेसाठी विणली, तिथे आता नाही, हेही खरं.

इंगलशॅमला मॉरिसने तसं होऊ दिलं नाही. इथली दुरुस्ती 1888-89 मध्ये झाली, त्याच्या धडपडीने आणि मदतीने. आतल्या एका छोट्या पाटीवर तशी नोंद आहे आणि त्याचं या चर्चवर प्रेम होतं, असंही लिहिलंय. दुरुस्ती म्हणजे काय केलं? छप्पर गळायचं थांबवलं, खचणारं सावरलं आणि बाकी कशाला हात लावला नाही. तेराव्या शतकातली कमान खरी आणि अठराव्या शतकातला खोका खोटा, असा निवाडा केला नाही. या संस्थेचं मुख्य सांगणंच ते आहे. रोजची निगा राखा, गळती वेळेवर थांबवा, म्हणजे पाडापाडीची वेळ येत नाही. जे कोसळत असेल त्याला आधार द्या, आधार आधारासारखा दिसला तरी चालेल. आणि जुनी इमारत तुमच्या गरजेला पुरत नसेल, तर तिची मोडतोड करू नका, शेजारी नवी बांधा.

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं.

परत येताना गाडीत मी बहिणीच्या नवऱ्याला गावचं सगळं नीट विचारून घेतलं. जमातीची बाजू मी इथे मुद्दाम लिहिते, कारण ती कमजोर नाही. जुन्या मशिदीत जुम्याला लोक मावत नाहीत. ईदला मुंबईकर आले की सफ रस्त्यापर्यंत येते आणि जून महिन्यात ईद आली की ते सगळे पावसात भिजतात. दोन वाशांना वाळवी लागली आहे. कौलं फुटली की शाकारायला माणूस मिळत नाही. जुनं ते सोनं म्हणणारे मुंबईला किंवा स्विंडनला राहतात, आणि बादली घेऊन गळतीखाली उभं राहतो तो गावातला मुअज्जिन. हे सगळं खरं आहे.

आणखी एक गोष्ट खरी आहे. इंगलशॅम जसंच्या तसं राहिलं, त्याचं एक कारण गाव उठून गेलं हे आहे. मोठी इमारत हवी म्हणणारं तिथे कोणी उरलं नाही. आज ते चर्च, नियमित प्रार्थना बंद पडलेल्या शेकडो चर्चप्रमाणे, 1969 मध्ये स्थापन झालेल्या एका राष्ट्रीय न्यासाकडे आहे. वास्तू वाचली, जमात संपली. आमच्याकडे उलट आहे. पाच वेळची नमाज होते, मुलं शिकतात, जनाजा उठतो, भांडणं मिटतात आणि नवी होतात. अशा जागेला काचेच्या पेटीत ठेवा, असं मी कशी म्हणेन? मला सुंदर आणि रिकामी मशीद नको आहे.

पण भरलेली मशीद आणि पाडलेली मशीद, एवढे दोनच रस्ते आहेत का? इंगलशॅमच्या त्या भिंती मला सांगत होत्या की तसं नाही. सातशे वर्षं त्या वापरात होत्या. प्रत्येक पिढीने आपल्याला हवं ते लिहिलं, बांधलं, बसवलं. मागच्यांचं त्यांना पटत होतं असंही नाही. धर्माचा अर्थ बदलला, प्रार्थनेची भाषा बदलली, राजे बदलले, भिंत मात्र तीच राहिली. वापर आणि जतन यांचं वैर असतंच असं नाही. वैर येतं ते एका दिवसात सगळं नवं करून टाकायच्या हौसेतून. आणि आपल्याकडे ती हौस पैशाबरोबर आली आहे. आमचे आजे गरीब होते, म्हणून त्यांनी वासा बदलला, मशीद बदलली नाही.

घरी परतल्यावर मी जमातीला पत्र लिहिलं. दोनदा लिहिलं. एकदा उर्दूत, कारण मुतवल्ली आणि वडीलधारी मंडळी उर्दू वाचतात, आणि एकदा मराठीत, कारण गटावर चित्र टाकणारी तरुण मुलं मराठी शाळेत शिकली आहेत. मजकूर एकच. पहिली गोष्ट, पाडण्याआधी जुनं लाकूडकाम जाणणाऱ्या सुताराला आणि एका अभियंत्याला छप्पर दाखवा. दोन वासे खराब असतील तर दोन वासे बदला. जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा पाणी पितो आणि सोडतो, चुना त्याला श्वास घेऊ देतो. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं. दुसरी गोष्ट, जागा कमी पडते हे मान्य. हौजाच्या मागची वक्फची जागा मोकळी आहे. मोठा हॉल तिथे बांधा, जुनी मशीद त्याच्या पुढे राहू द्या. मिनार हवा असेल तर तोही तिकडे बांधा, माझी हरकत नाही. तिसरी गोष्ट, नवं जे काही बांधाल त्यात बायकांना नमाजसाठी जागा आणि वजूची सोय असलेलं वेगळं दार ठेवा. नकाशा अजून कागदावर आहे, तोवर दाराला खर्च येत नाही.

चर्चचा उल्लेख मी पत्रात केला नाही. “आता मशीद कशी बांधायची ते चर्चवाल्यांकडून शिकायचं काय?” एवढं एक वाक्य कोणी म्हणालं असतं तर उरलेलं पत्र कोणी वाचलंच नसतं. तो उल्लेख इथे करते, कारण या ब्लॉगचे वाचक तेवढ्यावर थांबणारे नाहीत.

बैठकीला मी जाऊ शकत नाही, म्हणून पत्र मोठ्या भावाने वाचून दाखवलं. पहिल्या मुद्द्यावर तासभर चर्चा झाली. संगमेश्वरकडच्या एका म्हाताऱ्या सुताराला बोलावून छप्पर दाखवायचं ठरलं आणि तोवर कंत्राटदाराला आगाऊ रक्कम द्यायची नाही, असंही ठरलं. दुसऱ्या मुद्द्यावर दोन तट पडले. मिनार कुठे हवा यावरूनच आवाज चढले. मशीद पाडायची की नाही, हे मी लिहिते आहे तोवर ठरलेलं नाही. उद्या पाडायचं ठरलं तर मला वाईट वाटेल, पण ज्यांना रोज तिथे उभं राहायचं आहे त्यांनी विचार करून ठरवलं, एवढं तरी समाधान असेल.

तिसऱ्या मुद्द्याचं काय झालं, असं मी विचारलं. भाऊ म्हणाला, “त्याच्यावर कोणी काय बोललं नाही. नाही पण म्हणाले नाहीत.” मग मी तेवढा एकच मुद्दा वेगळ्या कागदावर लिहिला आणि गावी वहिनीकडे पाठवला. मागच्या जुम्याला मर्द मशिदीत असताना ती कागद घेऊन घरोघर फिरली. अकरा बायकांनी सह्या केल्या आहेत, काहींनी उर्दूत, काहींनी मराठीत, आणि नव्वदीच्या आमच्या फुफूने अंगठा लावला आहे. पुढच्या बैठकीत भाऊ तो कागद मांडणार आहे.